ल्यूज शिकायला निघालात? पहिल्या खेपेआधी एवढं वाचा

ल्यूजच्या स्लेडला ब्रेक नसतो. स्टिअरिंगही नसतं. उताणं झोपायचं, पाय पुढे, डोकं मागे, आणि बर्फाच्या अरुंद नाल्यातून खाली यायचं. मी मोठ्या वयात हा खेळ शिकायला घेतला तेव्हा मला एवढंच ठाऊक होतं. कुठल्या उंचीवरून सुरुवात करायची, अंगात काय घालायचं, स्लेड वळते कशाने, पडल्यावर हातपाय कुठे ठेवायचे, हे सगळं तुकड्यातुकड्यांनी कळत गेलं, आणि त्यातलं बरंचसं कोपरं काळीनिळी करून घेतल्यावर.

पहिल्या हिवाळ्यात माझी एकच चूक सतत नडली. मी फार काही करत होते. डोकं वर काढून बघायचं, प्रत्येक वळणाला दोन्ही पायांनी दाबायचं, भिंत जवळ आली की अंग आखडून घ्यायचं. ल्यूजमध्ये जो कमी करतो तो सरळ जातो. खालच्या बहुतेक सूचना फिरून याच गोष्टीपाशी येतात, म्हणून आधीच सांगून ठेवते.

१. आधी खेळ नक्की करा

बर्फाच्या ट्रॅकवर तीन वेगवेगळे खेळ चालतात आणि नवे लोक त्यांत हमखास गोंधळतात. ल्यूजमध्ये उताणं झोपून पाय पुढे. स्केलेटनमध्ये पालथं झोपून डोकं पुढे. बॉबस्लेमध्ये मोठ्या, बंदिस्त स्लेडमध्ये बसून. स्केलेटन आणि बॉबस्लेची सुरुवात पळत होते, स्लेड ढकलत जाऊन तिच्यावर झेप घ्यायची असते. ल्यूजमध्ये आधीच बसलेले असता आणि हातांच्या जोरावर निघता. पळण्यात तुम्ही तयार असाल तर स्केलेटनचाही विचार करा. खांदे, पाठ आणि पकड मजबूत असेल तर ल्यूज जास्त मानवेल.

याशिवाय नैसर्गिक ट्रॅकवरचा ल्यूज वेगळा. तिथे डोंगरातल्या गोठवलेल्या वाटेवर उतरायचं असतं, वळणांना कलते केलेले उंच कठडे नसतात, आणि हात-पाय बर्फाला लावून वेग आवरावा लागतो. त्याचं तंत्र निराळं आहे. हा लेख कृत्रिम ट्रॅकवरच्या एकेरी ल्यूजबद्दल आहे.

बऱ्याच ट्रॅकवर पर्यटकांना बॉबस्लेमध्ये बसवून खाली आणतात. चालक तज्ज्ञ असतो, तुम्ही नुसते प्रवासी. मजा येते, जरूर करा, पण त्यावरून 'मला वेग झेपतो, आता ल्यूज जमेल' असा अंदाज बांधू नका. मी बांधला होता. स्वतःच्या पिंडऱ्यांनी स्लेड सांभाळताना तो पहिल्याच वळणात खोटा ठरला.

ल्यूजची वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजतात. १९९८ च्या नागानो ऑलिंपिकमध्ये महिलांच्या स्पर्धेत चार खेपांची बेरीज करून जर्मनीच्या झिल्के क्राउसहारने आपल्याच देशाच्या बार्बरा नीडर्नहूबरला ०.००२ सेकंदाने मागे टाकलं. पायाचं बोट ताणायचं राहिलं म्हणून प्रशिक्षक एवढे का रागावतात, ते हा आकडा पाहिला की कळतं.

२. ट्रॅक आणि शिकवणारी माणसं शोधा

कृत्रिम ट्रॅक म्हणजे डोंगरउतारावर बांधलेला काँक्रीटचा नाला. काँक्रीटच्या पोटात शीतकरणाचे पाइप असतात, बहुतेक ठिकाणी अमोनियाचे. वरून पाणी फवारून काही सेंटिमीटर जाडीचा बर्फ थराथराने चढवतात, आणि ट्रॅकवरची माणसं तो हातातल्या पात्यांनी तासून गुळगुळीत करतात. हे काम खर्चिक असल्याने जगात असे ट्रॅक मोजकेच आहेत. ऑस्ट्रियात इन्सब्रुकजवळ इग्ल्स, जर्मनीत विंटरबर्ग, ओबरहोफ आणि आल्टेनबर्ग, लॅटव्हियात सिगुल्डा, नॉर्वेत लिलेहामर, अमेरिकेत लेक प्लॅसिड आणि पार्क सिटी, कॅनडात व्हिसलर ही त्यातली नेहमी कानावर येणारी नावं. जर्मनीतल्या कोनिग्सेचा जुना ट्रॅक २०२१ च्या पुरात फार खराब झाला. जुनी माहिती वाचून बेत आखत असाल तर ट्रॅक चालू आहे का, हे आधी विचारा.

ट्रॅकवर एकट्याने जाऊन स्लेड टाकता येत नाही. क्लब, देशाची ल्यूज संघटना किंवा नवशिक्यांची शाळा यांच्यामार्फतच प्रवेश मिळतो. या सगळ्यांच्या वर आंतरराष्ट्रीय ल्यूज महासंघ आहे, १९५७ साली स्थापन झालेला. तुमच्या देशात ट्रॅक नसला तरी संघटना असू शकते. आधी तिला लिहा, कारण पुढे स्पर्धेचा परवाना तिच्याकडूनच घ्यावा लागतो.

नाव नोंदवण्याआधी चार प्रश्न विचारून घ्या.

- पहिल्या दिवशी कुठल्या उंचीवरून सोडणार?
- दिवसाला किती खेपा मिळणार?
- स्लेड, हेल्मेट, बूट तुमच्याकडून की शाळेकडून?
- प्रशिक्षक ट्रॅकच्या कडेला उभे राहून बघणार, की फक्त खाली भेटणार?

शेवटचा प्रश्न सगळ्यात मोलाचा. मी पहिल्यांदा गेले तिथे एकच प्रशिक्षक होते आणि ते वर स्लेड सोडण्यात गुंतलेले. खाली आल्यावर 'कसं झालं?' असं तेच मला विचारायचे. आपण वळणात काय केलं हे आपल्याला स्वतःला कळत नाही. डोळे आभाळाकडे असतात आणि सगळं दोन श्वासांत उरकलेलं असतं. वळणाजवळ उभं राहून पाहणारा माणूस नसेल तर तीच चूक वीस वेळा घोटली जाते.

३. कागदपत्रं

हे कंटाळवाणं काम आहे, पण एक कागद नसला की दिवस फुकट जातो.

- ओळखपत्र, परदेशी जात असाल तर पासपोर्ट आणि व्हिसा
- डॉक्टरांचा दाखला. मान, पाठ, डोक्याला झालेली जुनी इजा, फिट्स, हृदयाचा त्रास यांपैकी काही असेल तर लपवू नका
- अपघात विमा
- ट्रॅकचा जोखीम-स्वीकृतीचा फॉर्म, आणि अठराच्या आतल्यांसाठी पालकांची लेखी संमती
- संघटनेचं किंवा क्लबचं सदस्यत्व, मागितलं तर
- नियमित औषधं घेत असाल तर त्यांची यादी. पुढे स्पर्धेत उतरायचं असेल तर उत्तेजक द्रव्यांच्या नियमांत ती बसतात का, हे आत्ताच पाहा

विम्यात लोक फसतात. प्रवासाच्या साध्या पॉलिसीत 'धोकादायक खेळ' बहुतेक वेळा वगळलेले असतात, आणि ते शेवटच्या पानावर बारीक अक्षरात असतं. विमा कंपनीला ल्यूजचं नाव घेऊन विचारा आणि उत्तर लेखी मागा. 'हिवाळी खेळ चालतात' एवढ्यावर जाऊ नका, त्यात नुसतं स्कीइंगही असू शकतं.

४. अंगावर काय घालायचं

सुरुवातीला विकत काही घेऊ नका. हेल्मेट, स्लेड, बूट शाळेत मिळतात, आणि आपल्याला काय हवं हे एका हिवाळ्यानंतरच उमगतं. मात्र काही गोष्टी स्वतःच्याच लागतात. अंगाला घट्ट बसणारे, ऊब देणारे पातळ थर, कोपरांचे पॅड, बोटं नीट हलतील असे पातळ हातमोजे. ढगळ जॅकेट नको, त्यात हवा भरते आणि खांदा स्लेडवर टेकत नाही. खिसे रिकामे करा. किल्ली पाठीखाली राहिली तर पहिल्या वळणाच्या दाबात ती कुठे आहे ते नेमकं कळतं.

ल्यूजच्या हेल्मेटला हनुवटीच्याही खाली येणारी पारदर्शक काच असते. हिच्यावर वाफ धरते. आत श्वास सोडला, बाहेर कडाक्याची थंडी, की दोन सेकंदांत समोर दूध. माझी तिसरी का चौथी खेप मी अशी पूर्ण आंधळी केली. काच आतून वाफरोधक द्रवाने पुसा, वर थांबलेले असताना ती उघडी ठेवा, निघायची खूण देणारा हिरवा दिवा लागायच्या जरा आधी खाली करा आणि श्वास नाकाने, खालच्या दिशेला सोडा. चष्मा असेल तर कॉन्टॅक्ट लेन्स वापरता येतात का, हे डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारा.

ल्यूजचे खास बूट पाऊल ताणलेलं ठेवतात. त्यांत नीट चालता येत नाही आणि थांबताना त्यांची सवय नसते. पहिल्या काही खेपांना चांगल्या तळव्याचे साधे बूट बरे, नाडीची टोकं आत खोचलेली.

५. स्लेडशी ओळख करून घ्या

एकेरी स्लेड साधारण २१ ते २५ किलोंची असते. खाली दोन धावपट्ट्या, त्यांना कुफेन म्हणतात, पुढच्या टोकाला वर वळलेल्या. प्रत्येक कुफेनच्या तळाला पोलादी पातं. दोन्ही कुफेन दोन आडव्या पुलांनी जोडलेले, आणि वर फायबरग्लासची सीट, तिच्या आत दोन मुठी. एक गोष्ट हातात धरून पाहा. पुढची वळलेली टोकं दोन्ही हातांनी आत दाबा. ती हलतात. स्लेड मुद्दाम ताठ बांधलेली नसते, कुफेन वेगवेगळे हलू शकतात, आणि तुमच्या पिंडऱ्या याच टोकांवर टेकलेल्या असणार आहेत. स्टिअरिंग म्हणतात ते हेच.

आता स्लेड उलटी करा. पाती सपाट टेकत नाहीत, आतल्या बाजूला किंचित कललेली असतात, त्यामुळे बर्फाला आतली कड धरते. ही कड कशी आणि किती गोल ठेवायची ही जाणत्यांची विद्या आहे. पहिल्या हिवाळ्यात कडेला हात लावू नका. तुमचं काम पात्याचा तळ गुळगुळीत ठेवणं.

ते असं. स्लेड उलटी, घोड्यावर, म्हणजे स्टँडवर, पक्की बसवलेली. कोरड्या कापडाने पाती पुसायची. मग अंगठ्याचं नख पुढून मागे हलकेच फिरवायचं. जिथे नख अडखळेल तिथे ओरखडा आहे, डोळ्याला दिसत नसला तरी. मग पॉलिशपेपर लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळून लांबीच्या दिशेने, एकाच बाजूने ओढायचा; पुढे-मागे घासायचा नाही. जाड कागदापासून बारीक कागदाकडे. कागद बदलण्याआधी पातं पुसायचं, नाहीतर जुन्या कागदाचा एखादा कण बारीक कागदाखाली येऊन नवा ओरखडा काढतो. शेवटी डायमंड पेस्ट मऊ कापडावर. झालं की दिव्याचं प्रतिबिंब पात्यात न थरथरता सरकतं. मला हे संध्याकाळचं काम खेपांइतकंच आवडतं. पाती बरोबर झाली की दुसऱ्या दिवशी वळणातला खरखरीत आवाज बदलून बारीक शीळ येते, ती ऐकू येते.

काम संपलं की पात्यांवर संरक्षक पट्ट्या चढवा. काँक्रीटवर, खडीवर, गाडीच्या डिकीत उघडी पाती कधीही टेकवू नका. दोन तासांची मेहनत एका सेकंदात जाते.

आणि गाडीच्या हीटरशेजारी ठेवलेली स्लेड थेट ट्रॅकवर नेऊ नका. गरम पातं बर्फावर जास्त घसरतं, म्हणून स्पर्धेत निघण्याआधी पात्यांचं तापमान मोजतात आणि ठरलेल्या मर्यादेपेक्षा गरम असेल तर खेळाडू बाद होतो. १९६८ च्या ग्रेनोबल ऑलिंपिकमध्ये पूर्व जर्मनीच्या तीन महिला खेळाडूंना पाती तापवल्याच्या ठपक्यावरून बाद केलं होतं. तुम्ही सरावात असलात तरी स्लेड बाहेर थंडीत ठेवायची सवय पहिल्या दिवसापासून लावा.

६. ट्रॅक चालत पाहा

हिशोब करा. खालच्या उंचीवरून एक खेप साधारण ४० सेकंदांची धरली, दिवसाला पाच मिळाल्या, तर बर्फावर तुम्ही जेमतेम तीन मिनिटं वीस सेकंद असता. एवढ्यात शिकून होत नाही. शिकणं बर्फाबाहेर करावं लागतं.

सकाळी प्रशिक्षकासोबत ट्रॅक खालून वर चालत जा. प्रत्येक वळणाला क्रमांक असतो, काहींना नावंही. वळण डावं की उजवं, आत शिरताना कुठल्या भिंतीजवळ असायला हवं, दाब कुठे सुरू होतो, उतरायचं कुठे, हे वहीत लिहा. भिंतीवर स्लेडच्या जुन्या रेघा दिसतात. एकावर एक पडून दाट झालेली रेघ म्हणजे बहुतेकांची वाट, आणि वळण संपल्यावर समोरच्या भिंतीवर दिसणारे ठोकर बसल्याचे व्रण म्हणजे ज्यांचं चुकलं ते.

मग डोळे मिटून मनातल्या मनात पूर्ण खेप करा. बडे खेळाडू निघण्याआधी डोळे मिटून डोकं आणि हात हलवताना दिसतात, ते हेच करत असतात. घड्याळ लावून करा. तुमची मनातली खेप २० सेकंदांत संपत असेल तर तुम्ही वळणं गाळताय.

७. झोपायला शिका

इथेच सगळा खेळ आहे, आणि इथेच नवा माणूस सगळ्यात कमी वेळ देतो.

घरी जमिनीवर पातळ सतरंजी टाकून सराव करा. खांदे टेकलेले. हात अंगाला चिकटून, मुठी धरलेल्या. गुडघे किंचित सैल, पिंडऱ्या आतल्या बाजूने कुफेनवर अलगद टेकलेल्या, पावलं ताणून बोटं पुढे. मान जमिनीला लागू द्यायची नाही, हनुवटी थोडी छातीकडे, एवढी की पायांच्या वरून समोरचं जेमतेम दिसावं. या अवस्थेत एक मिनिट राहा. तिसाव्या सेकंदाला मान थरथरायला लागेल. ट्रॅकवर वळणाच्या दाबात डोक्याचं वजन कितीतरी पट होतं, वरच्या पातळीच्या खेळाडूंना पाच जीपर्यंत, म्हणजे आपल्या वजनाच्या पाचपट, दाब सोसावा लागतो. म्हणून मानेचे व्यायाम दोन-तीन महिने आधीपासून रोज करा, हळूहळू वाढवत.

भीती वाटली की माणूस डोकं वर काढतो. अगदी प्रत्येक जण. डोकं वर आलं की खांदे उचलले जातात, खांदे उचलले की पाठ सीटवरून सुटते, पाठ सुटली की पाय फाकतात, आणि पाय फाकले की पिंडरी कुफेनवरून निघते. मग स्लेड आपल्या मनाने जाते. समोरचं नीट दिसावं म्हणून केलेल्या गोष्टीनेच ताबा सुटतो. मला प्रशिक्षकांनी सांगितलेलं एक साधन फार कामाला आलं. वळणात शिरताना जोरात श्वास बाहेर सोडायचा. श्वास सुटला की खांदे आपोआप खाली बसतात.

बाजूच्या भिंतीला लागलात तर लागू द्या. अंग सैल असेल तर स्लेड भिंतीला घासून पुन्हा मध्ये येते. ताठ झालात तर ती एका भिंतीवरून उसळून दुसऱ्या भिंतीवर जाते. हात मात्र बाहेर काढायचा नाही, कितीही वाटलं तरी. स्लेड आणि भिंत यांच्यामध्ये बोटं सापडली तर मोडतात.

८. वळवायचं कसं

डावीकडे जायचं तर उजवी पिंडरी आत दाबायची आणि डावा खांदा सीटमध्ये रुतवायचा. उजवीकडे जायचं तर उलट. एवढंच. पाय एका बाजूचा, खांदा दुसऱ्या बाजूचा. बर्फावर विचार करायला वेळ नसतो, म्हणून स्थिर ठेवलेल्या स्लेडवर झोपून दुसऱ्याला 'डावं, उजवं' ओरडायला सांगा आणि चूक होईनाशी होईपर्यंत करा.

वळणात स्लेड आपोआप भिंतीवर चढते. तुमचं काम तिला योग्य वेळी खाली आणणं. वळणात उशिरा शिरलात तर ती तिरपी होऊन फार वर जाते आणि तशीच तिरपी खाली सुटते, थेट समोरच्या भिंतीकडे. दाब पाठीत जाणवायला लागला की हलकेच खालच्या दिशेला वळवा, दाब सुटायला लागला की सोडा. लांब वळणांत चढ-उतार एकापेक्षा जास्त वेळा होतो, प्रत्येक वेळी तेच.

दाबायचं किती? आपल्याला वाटतं त्याच्या निम्मं. आणि दाबल्यावर सोडायचं, हे दाबण्याइतकंच महत्त्वाचं. नवशिक्याची स्लेड सरळ भागात नागमोडी जाते, कारण तो डावीकडच्या चुकीवर उजवीकडे जास्त दाबतो, मग त्यावर पुन्हा डावीकडे. असं सुरू झालं तर दोन्ही पाय सैल सोडा आणि पुढच्या वळणापर्यंत काही करू नका. दोन्ही भिंतींची उंच कड तुम्हाला ट्रॅकमध्येच ठेवते.

९. पहिली खेप

पहिल्या खेपेला जोरात निघायचं नसतं. प्रशिक्षक स्लेड धरतात, तुम्ही झोपता, ते हलकेच सोडतात. ट्रॅक मोकळा असल्याची घोषणा होते, हिरवा दिवा लागतो. एकेरी स्पर्धेत दिवा लागल्यावर निघायला ३० सेकंद असतात. सरावात घाई नाही. श्वास लागला असेल, काच धुरकटली असेल तर हात वर करून थांबा. यात कमीपणा काही नाही.

निघाल्यावर पहिल्यांदा जाणवतो तो आवाज. कानाखाली बर्फ घर्रर्र वाजत असतो, आणि वेग वाढतो तसा तो चढतो. या खेपेत काहीही वळवू नका. फक्त आकार धरून झोपा आणि दाब कुठे येतो ते मोजा. खालच्या उंचीवरून स्लेड बहुतेक वेळा स्वतःच खाली येते.

शेवटची रेषा ओलांडल्यावर, आणि फक्त ओलांडल्यावरच, उठून बसा, दोन्ही पाय बर्फावर टेकवा आणि कुफेनची पुढची टोकं हातांनी वर ओढा. शेवटचा भाग चढाचा असतो, तो उरलेला वेग खातो. स्लेड पूर्ण थांबल्याशिवाय उभं राहू नका. ट्रॅकवर सगळ्यात जास्त हसूही इथेच येतं आणि घोटेही इथेच मुरगळतात. स्लेड उचला, बाजूला व्हा, मग आनंद करा.

१०. पडलात तर

पडणार आहात. पहिली गोष्ट, जमल्यास स्लेड सोडू नका. सुटलेली स्लेड मागून येऊन तुम्हाला गाठते, आणि ती वीस-पंचवीस किलोंची आहे. पाय खालच्या दिशेला, हात अंगाशी, डोकं बर्फापासून वर, आणि घसरणं संपेपर्यंत पडून राहा. मध्येच उठायचा प्रयत्न केलात तर पुढचं वळण तुम्हाला आपटतं. थांबल्यावर हात वर करून खूण करा, स्लेड ओढून घ्या, आणि प्रशिक्षक सांगतील तिथून बाहेर पडा. तुम्ही बाहेर येईपर्यंत वरून कोणाला सोडत नाहीत, त्यामुळे घाबरून धावाधाव नको.

२०१४ मध्ये सोची ऑलिंपिकच्या सरावात भारताचे शिवा केशवन स्लेडवरून सुटले आणि वेगातच पुन्हा तिच्यावर चढून खेप पुरी केली. ते दृश्य पाहून अंगावर काटा येतो. पण ते सहा हिवाळी ऑलिंपिक खेळलेले खेळाडू आहेत, १९९८ ते २०१८. तुम्ही फक्त स्लेड धरून ठेवा.

डोक्याला मार बसला असेल तर त्या दिवशी पुन्हा वर जायचं नाही. मळमळ, अंधारी, एकच प्रश्न दोनदा विचारणं, यांपैकी काहीही दिसलं तर डॉक्टर. 'एक शेवटची खेप करते' हे वाक्य मी एकदा म्हटलं होतं. प्रशिक्षकांनी स्लेडच काढून घेतली, आणि त्या रात्री डोकं धरून बसल्यावर त्यांचं बरोबर होतं ते कळलं.

खरचटणं मात्र रोजचं. बर्फाने कातडी भाजल्यासारखी सोलवटते. जखम धुवा, कोरडी ठेवा, दुसऱ्या दिवशी त्या जागी पॅड लावा.

११. वरच्या स्टार्टवर कधी जायचं

प्रत्येक ट्रॅकला चढत्या उंचीचे अनेक स्टार्ट असतात. नवशिक्यांचा तळाशी, सर्वात वर पुरुषांच्या एकेरीचा. उंची वाढली की फक्त वेग वाढत नाही. त्याच वळणात वेगळ्या ठिकाणी दाबावं लागतं, म्हणजे ओळखीचा ट्रॅक अनोळखी होतो. वरून निघणारे खेळाडू ताशी १३०-१४० किलोमीटरपर्यंत जातात.

१२ फेब्रुवारी २०१० ला, व्हँकुव्हर ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्या दिवशीच, जॉर्जियाचा नोदार कुमारिताश्विली व्हिसलरच्या ट्रॅकवर सराव करताना शेवटच्या भागात बाहेर फेकला गेला आणि मरण पावला. तो २१ वर्षांचा होता. त्यानंतर आयोजकांनी पुरुषांची स्पर्धा महिलांच्या, म्हणजे खालच्या, स्टार्टवरून घेतली. ऑलिंपिकलाही स्टार्ट खाली आणावा लागला. तुमच्यासोबत शिकणारा मुलगा वर गेला म्हणून तुम्ही वर जायची गरज नाही.

माझा ठोकताळा असा आहे. सलग पाच खेपा भिंतीला न लागता, डोकं न उचलता झाल्या, आणि प्रत्येक खेपेनंतर कुठल्या वळणात काय झालं ते तुम्ही प्रशिक्षकांच्या आधी सांगू शकलात, तर विचारा. ते नाही म्हणाले तर तिथेच आणखी पाच.

वजनाचा विषय याच सुमाराला निघतो. जड माणूस उतारावर जास्त वेग धरतो, म्हणून हलक्या खेळाडूंना नियमांच्या मर्यादेत जादा वजनाचं जॅकेट घालायची मुभा असते. ती स्पर्धेतली गोष्ट आहे. शिकताना जादा वजन बांधू नका, मानेला आणि पाठीला ते सोसावं लागतं.

१२. जोरात निघणं

खालच्या स्टार्टवर आकार बसला की मगच हे शिका. ट्रॅकच्या दोन्ही बाजूंना पक्क्या मुठी असतात. त्या धरून बसायचं, पुढे-मागे झुलायचं, पूर्ण पुढे वाकून मग पाठ आणि खांद्यांच्या एकाच झटक्यात स्वतःला पुढे फेकायचं. लगेच हातमोज्यांना लावलेल्या बारीक खिळ्यांनी बर्फावर दोन्ही हातांनी तीन-चार वल्ही मारायची आणि झोपायचं. नव्यांची चूक झोपण्यात होते. वल्ही जोरात बसतात, मग धपकन आडवं पडतात आणि स्लेड डगमगते. पोटाच्या जोरावर हळू, मणक्यामागून मणका टेकवत झोपा.

याचा बराचसा सराव बर्फाशिवाय होतो. बसून दोर ओढण्याचे व्यायाम, पुल-अप, पकडीचे व्यायाम. उन्हाळ्यात चाकांच्या स्लेडवर झोपण्याचा आणि पाय-खांद्याचा सरावही करतात, पण तो बंद रस्त्यावर आणि प्रशिक्षकांच्या देखरेखीतच. खिळ्यांचे हातमोजे घालून चेहऱ्याला हात लावायचा नाही, काच खाली करायची तर मनगटाने. आणि दिवस संपला की ते हातमोजे आतून उलटे करून वाळवा. ओले राहिले की खिळ्यांच्या बुडाशी गंज धरतो आणि दुसऱ्या दिवशी नेमक्या दुसऱ्या वल्ह्याला एखादा निखळतो.